टिकणारा आणि परवडणारा व्हॅक्यूम क्लीनर: आधी सुटे भाग बघा, मग वॅट

दसरा-दिवाळीच्या आधी पुण्यात घराघरांत साफसफाई निघाली की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "किती वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर घेऊ?" दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो. बाराशेपेक्षा सोळाशे बरा, सोळाशेपेक्षा दोन हजार बरा. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हाच आकडा छापलेला असतो, त्यामुळे तोच महत्त्वाचा असणार असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की घरासाठी मशीन निवडताना हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. पाइप फाटला, फिल्टर बाद झाला, मोटरचे कार्बन (तिला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले तर ते चार-पाच वर्षांनंतरही पुण्यात मिळणार आहेत का, हे आधी बघावं. मशीन दोन वर्षांत माळ्यावर जाणार की दहा वर्षं चालणार, हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं.

वॅट काय सांगतो आणि काय सांगत नाही

वॅट म्हणजे मशीन सॉकेटमधून किती वीज घेतं तो आकडा. घेतलेल्या विजेचं पुढे काय होतं ते त्यातून कळत नाही. काही वीज मोटर तापण्यात जाते, काही आवाजात, काही आतल्या आत हवा घुसळण्यात. उरते ती धूळ ओढायच्या कामी येते. पंखा नीट घडवलेला असेल आणि पाइपचे सांधे घट्ट असतील तर आठशे-नऊशे वॅटचं मशीनही उत्तम ओढतं. सांध्यांतून हवा गळत असेल तर दोन हजार वॅटचं मशीन नुसता गोंगाट करतं.

युरोपीय संघाने हे कायद्यातच आणलं. १ सप्टेंबर २०१४ पासून तिथे १६०० वॅट आणि त्यावरची घरगुती मशीनं नव्याने बाजारात आणायला बंदी झाली, आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ती मर्यादा ९०० वॅटवर आली. तिथली घरं गालिच्यांची, म्हणजे काम आपल्यापेक्षा अवघड. तरी ती ९०० वॅटच्या आत स्वच्छ होतात.

तिथलीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या मशीनांवर विजेच्या वापराचं लेबल लावायचा नियम होता. त्यासाठीची चाचणी मात्र धुळीचा डबा किंवा पिशवी रिकामी ठेवून व्हायची. डायसन कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तो लेबलचा नियम रद्द झाला. रिकाम्या पिशवीवरची चाचणी घरातल्या वापराशी जुळत नाही, हे त्यामागचं कारण. आपण लक्षात ठेवावी अशी गोष्ट यात आहे: दुकानात नवंकोरं मशीन लावून दाखवतात तेव्हा सगळीच मशीनं छान ओढतात. डबा अर्धा भरल्यावर आणि फिल्टरवर धुळीचा थर बसल्यावर ओढ किती उरते, यात खरा फरक असतो.

ओढ दोन गोष्टींची बनते. एक म्हणजे जोर, मशीन किती ताकदीने हवा खेचू शकतं तो. हा किलोपास्कलमध्ये मोजतात. दुसरी गोष्ट प्रवाह, सेकंदाला किती लिटर हवा नळीतून जाते तो. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब उडते, पण बादली भरायला वेळ लागतो. इथेही तसंच, जोर जास्त म्हणजे प्रवाह जास्त असं नाही. धुळीचा कण उचलून नेते ती वाहती हवा. त्या हवेला गादीच्या कापडातून आणि भरत आलेल्या पिशवीतून खेचून आणतो तो जोर. दोन्ही लागतात.

दोन्हींचा गुणाकार म्हणजे एअरवॅट, आणि खोक्यावर हा आकडा असेल तर बाकीचे आकडे सोडून तोच बघावा. नसेल तर ढोबळ हिशोब करता येतो. कंपन्या जोराचा आकडा देतात तो पाइपचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला, तेव्हा प्रवाह शून्य असतो. प्रवाहाचा आकडा तोंड पूर्ण उघडं ठेवून मोजलेला, तेव्हा जोर जवळपास शून्य. काम होतं ते या दोन टोकांच्या मधे कुठेतरी. म्हणून दोन्ही आकडे गुणायचे आणि चाराने भागायचं. जोर २० किलोपास्कल आणि प्रवाह सेकंदाला ३२ लिटर असेल तर गुणाकार ६४०, चाराने भागून १६०. जास्तीत जास्त एवढे एअरवॅट त्या मशीनमधून मिळतील. गादी-सोफ्यासाठी दीडशेच्या आसपास मला पुरेसे वाटतात.

खोक्यावर फक्त जोरच लिहिला असेल तर जरा सावध राहा. आपोआप फिरणाऱ्या रोबो क्लीनरवर ५००० पास्कल असं ठळक लिहितात, म्हणजे नुसते ५ किलोपास्कल. आणि हवेचा दाबच मुळात समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, पुण्यात उंचीमुळे त्याहून थोडा कमी. हवा पूर्ण काढून टाकली तरी त्याच्या वरची ओढ निघूच शकत नाही. तेव्हा ऑनलाइन जाहिरातीत कुणी १२० किलोपास्कल लिहिलं असेल तर त्याचे बाकीचे आकडेही सोडून द्या.

आपल्या घरात याला काम काय

परदेशी व्हिडिओ बघून मशीन घेतलं की इथेच फसगत होते. तिकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, आपल्याकडे व्हिट्रिफाइड टाइल, जुन्या घरात मोझॅक किंवा शहाबादी. फरशीसाठी झाडू आणि ओला फडका याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही. व्हॅक्यूम क्लीनर लागतो तो जिथे झाडू पोचत नाही किंवा धूळ नुसती उडवतो तिथे: गाद्या, सोफा, पडदे, मच्छरजाळ्या, पुस्तकांचं कपाट, पंख्याची पाती, गाडीची सीट.

आणि स्लायडिंग खिडक्यांच्या खाचा. पुण्यातल्या धुळीची खरी परीक्षा तिथे आहे. वाघोली, बाणेर, सिंहगड रस्ता, जिथे बांधकाम नाहीतर रस्त्याची खोदाई चालू आहे तिथे पावसाळा संपून हवा कोरडी पडली की आठवड्याभरात त्या खाचेत करडी, पिठासारखी मऊ धूळ साचते. बोटाने दाबली तर ठसा उमटतो. तिच्यात सिमेंट असतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसायला गेलं की चिखल होतो, आणि तो वाळला की खाचेच्या कोपऱ्यात घट्ट धरून बसतो. हे काम कोरडंच, चपट्या नळीने केलं की मिनिटात होतं.

म्हणून गालिच्यासाठीचा विजेवर फिरणारा ब्रश, त्याचे तीन वेग, त्यावरचा दिवा यांसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. घरात लांब केस असतील तर ते त्या ब्रशलाच गुंडाळले जातात आणि दर वेळी कात्रीने कापून काढावे लागतात. त्याऐवजी खाचांसाठी चपटी नळी, मऊ केसांचा गोल ब्रश आणि गादीसाठी रुंद तोंड, हे तीन सोबत येतात का ते बघा. पाइपचं तोंड ३२ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाचं असेल तर आणखी चांगलं. हे सगळ्यात रुळलेले आकार आहेत, त्यामुळे पुढे दुसऱ्या कंपनीचं तोंडही त्यावर बसतं.

गादीबद्दल एक सांगतो, कारण बहुतेक जण ती झाडू मारल्यासारखी भराभर उरकतात. कापडाच्या आतली धूळ वर यायला वेळ लागतो. तोंड गादीवर टेकवून एक हातभर अंतर चार-पाच सेकंदांत, इतकं सावकाश न्यायचं, मग त्याच पट्ट्यावरून आडवं. धुळीतले सूक्ष्म किडे तंतूंना धरून असतात, ते सगळे यातून जात नाहीत. पण त्यांची विष्ठा आणि त्यांचं खाद्य, म्हणजे आपल्याच त्वचेचा कोंडा, बराचसा निघतो. ॲलर्जीचा त्रास होतो तो मुख्यतः त्या विष्ठेचा. पावसाळ्यानंतर गाद्या गच्चीत कडक उन्हात टाकायची आपली पद्धत आहे, ती सोडू नका. आधी ऊन द्यायचं, मग मशीन फिरवायचं.

मोटर कशाने जाते

वायरवाल्या साध्या मशीनमध्ये मिक्सरच्या जातीची मोटर असते. मधे फिरणारं आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी, आणि त्या कडीला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगने टेकलेले कार्बनचे दोन छोटे ठोकळे. वीज या कार्बनमधून आर्मेचरला जाते. मोटर मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेते, त्यामुळे कार्बन झिजणारच. झिजण्यासाठीच ते बसवलेले असतात, आणि बदलता येतात.

युरोपच्या त्या वॅटमर्यादेच्या नियमातच मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे अशी अट आहे. आपल्या वापराने हिशोब करू. आठवड्याला अर्धा तास धरला तर वर्षाचे २६ तास. म्हणजे ५०० तास संपायला एकोणीस वर्षं लागतील. मग आपल्याकडे तिसऱ्या वर्षीच "मोटर गेली" असं का ऐकू येतं?

याचं उत्तर मी दुरुस्तीच्या दुकानाच्या टेबलावर बघितलं आहे. पेठेतलं लहानसं दुकान, मिक्सर आणि इस्त्र्यांचा ढीग. एक बाई मशीन घेऊन आल्या होत्या, मोटर जळली म्हणून. मेकॅनिकने चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आधी मोटरकडे बघितलंच नाही. फिल्टर बाहेर काढून टेबलावर आपटला. पांढऱ्या पावडरीची ढेप पडली.

"ताई, घरी पीओपीचं काम काढलं होतं का?"

"हो, उन्हाळ्यात बेडरूमचं सीलिंग केलं. सगळी धूळ यानेच काढली."

"तरीच. मोटर नाही जळली, कार्बन संपलेत." त्याने चिमट्याने कार्बन काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा असायला हवा तो हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला होता. तांब्याच्या कडीवर काळा थर होता आणि पट्ट्यांच्या मधल्या फटींत तीच पांढरी पावडर. त्याने कडी बारीक पॉलिश पेपरने साफ केली, नवे कार्बन बसवले, फिल्टर मात्र टाकून द्यायला सांगितला. मशीन चालू झालं.

त्या मशीनचं नेमकं काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच छोट्या मशीनांत ओढलेली हवाच मोटरवरून जाऊन तिला थंड करते. फिल्टर चोंदला की हवा कमी, म्हणजे मोटर तापली. फिल्टर नीट बसला नसेल किंवा फाटला असेल तर बारीक धूळ सरळ मोटरमध्ये, म्हणजे कार्बन सँडपेपरवर घासावेत तसे झिजले. पीओपी, सिमेंट, वॉल पुट्टीची धूळ इतकी बारीक असते की घरगुती फिल्टर काही मिनिटांत भरतो. घरात काम काढलं असेल तर ती धूळ ठेकेदाराला काढायला सांगा किंवा मोठं मशीन भाड्याने आणा. आपलं मशीन त्यात घालू नका.

आवाजावरूनही हे ओळखता येतं. पाइप तुंबला की मशीनचा आवाज चढतो, बारीक आणि किंचाळल्यासारखा होतो. मोटरवर ताण आला म्हणून तो चढतो असं वाटतं, पण कारण उलटं आहे: ओढायला हवाच नाही, मोटरचं काम हलकं झालं, म्हणून ती जास्त वेगाने फिरायला लागली. धोका आहे तो थंड करणारी हवा बंद झाल्याचा. आवाज चढला की बटण बंद करून आधी पाइप बघायचा. मशीन आपोआप बंद पडलं तर बहुधा तापमानाचा कटआउट उडालेला असतो. अर्धा-पाऊण तास थंड होऊ दिलं की परत चालू होतं. लगेच दुकानात धावू नका.

खरं तुटतं ते दुसरंच

मोटरखालोखाल, खरं तर मोटरच्याही आधी, जातो तो पाइप. हातातल्या दांड्यापाशी तो सतत वाकतो आणि तिथेच चिरतो. ही चीर बारीक असते, दिसत नाही, आणि ओढ मात्र निम्मी होते. युरोपात पाइपने ४०,००० वेळा वाकणं सोसलं पाहिजे असाही नियम केला गेला, इतकी ही जागा नाजूक. त्यानंतर वायर गुंडाळणारी स्प्रिंग, धुळीच्या डब्याची खिट्टी, चाकं. पन्नास-शंभर रुपयांच्या प्लॅस्टिकच्या खिट्टीपायी सहा हजारांचं मशीन भंगारात जाताना बघून वाईट वाटतं, कारण डबा घट्ट बसला नाही की हवा तिथूनच शिरते आणि मशीन ओढतच नाही.

म्हणून विकत घेण्याआधी एक काम करा. ज्या मॉडेलवर मन बसलंय त्याच्या कंपनीच्या पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि तीन गोष्टींचे भाव विचारा: पाइप, फिल्टर, मोटर. गिऱ्हाईक म्हणून विचारा, जणू मशीन घरात आहेच. "स्टॉकमध्ये आहे, इतके रुपये" असं उत्तर आलं तर ठीक. "मशीन घेऊन या, बघू" असं आलं तर दुसऱ्या मॉडेलकडे वळा. मोटरचा भाव नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त असेल तर ते मशीन दुरुस्तीसाठी बनवलेलंच नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेच्या उपकरणांचे सुटे भाग मिळतात, कार्बनसारख्या गोष्टी जुना नमुना दाखवून जुळवून घेता येतात. पण खास त्या मॉडेलचा पाइप किंवा डब्याचं झाकण तिथेही मिळेलच असं नाही. ते कंपनीकडूनच आणावं लागतं.

जुन्या लोकांना आठवत असेल, युरेका फोर्ब्सची मंडळी दारोदार येऊन युरोक्लीन दाखवायची. ती कंपनी १९८२ मध्ये सुरू झाली. घरी येऊन दाखवणं, नंतर पिशव्या पुरवणं ही साखळी तेव्हा होती. आज ऑनलाइन सवलतीत नाव न ऐकलेल्या ब्रँडचं मशीन निम्म्या किमतीत मिळतं, आणि वर्षभराने तो ब्रँडच गायब झालेला असतो. तिथे वाचलेले दोन हजार रुपये म्हणजे बचत नव्हे.

कोणत्या जातीचं घ्यावं

पुण्यातल्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटसाठी माझी पसंती पिंपासारख्या उभ्या मशीनला आहे, ज्याला ओलं-कोरडं दोन्ही चालतं. दहा ते पंधरा लिटरचा डबा, बाराशे-तेराशे वॅट. दिसायला ओबडधोबड, आवाजही जास्त, आणि ठेवायला एक कोपरा द्यावा लागतो. पण यात बहुधा मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून ती सहज तापत नाही. डबा मोठा असल्यामुळे दर वेळी रिकामा करावा लागत नाही. आत एक तरंगता चेंडू असतो. पाणी वर आलं की तो ओढीचं तोंड बंद करतो, त्यामुळे पाणी मोटरपर्यंत पोचत नाही. बाल्कनीत पावसाचं पाणी साचलं, वॉशिंग मशीनचा पाइप निसटून पाणी पसरलं की हेच मशीन कामाला येतं. झाकण नुसत्या क्लिपांवर उघडतं, आतलं सगळं समोर दिसतं, आणि कुठल्याही मेकॅनिकला ते उघडता येतं. ओलं ओढताना कापडी किंवा कागदी फिल्टर काढून स्पंजाचा बसवायचा, एवढं विसरू नका.

वॅट जास्त नकोत याचं आणखी एक घरगुती कारण आहे. आपल्या खोल्यांत जो साधा सॉकेट असतो तो ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यावर जास्तीत जास्त १३८० वॅट चालतात. सोळाशे वॅटच्या मशीनला मोठा, १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि तो असतो स्वयंपाकघरात, गिझरपाशी किंवा एसीपाशी. मग मधे एक्स्टेन्शन बोर्ड येतो, बारीक वायरचा, आणि तो तापतो. जुन्या वाड्यांतल्या आणि साठ-सत्तर सालच्या सोसायट्यांतल्या वायरिंगवर तर हा प्रयोग करूच नये. एक्स्टेन्शन लागणारच असेल तर जाड वायरचा घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते. विजेच्या बिलाची चिंता मात्र नको: १२०० वॅट अर्धा तास म्हणजे ०.६ युनिट, महिन्याला अडीच युनिटं.

एका खोलीत राहणाऱ्यांना, विद्यार्थ्यांना, जागेची अडचण असलेल्यांना छोटं कोरडं मशीन बरं. तेही वाईट नसतं, फक्त फिल्टरची काळजी जास्त घ्यावी लागते.

बिनवायरीचं काठीसारखं मशीन मोहक असतं, आणि हात दुखणाऱ्या किंवा वयस्कर माणसाला ते खरोखर सोयीचं आहे. पण त्याची बॅटरी समजून घ्या. २१.६ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-तास म्हणजे ५४ वॅट-तास. पूर्ण जोरावर मशीन ४०० वॅट घेत असेल तर ती आठ मिनिटांत संपते. जाहिरातीतली चाळीस मिनिटं सगळ्यात हलक्या वेगाची असतात. शिवाय लिथियम-आयन बॅटरी तीन-चारशे पूर्ण चार्जिंगनंतर कमी पडायला लागते. म्हणून बॅटरी घरच्या घरी काढता येते का आणि तिची किंमत काय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रोबो रोजची वरवरची धूळ छान उचलतो, गादी आणि खिडकीची खाच त्याच्या आवाक्याबाहेर. उंबरे, जमिनीवरच्या वायरी आणि लोंबणाऱ्या चादरी असलेल्या घरात त्याला सांभाळणं हेच काम होऊन बसतं.

दहा वर्षांचा खर्च मांडून बघा. समजा मशीन ६,००० रुपयांचं, दर दोन वर्षांनी ४०० रुपयांचा फिल्टर असे चार, एक पाइप ९०० चा, एकदा कार्बन आणि मजुरी ६०० रुपये. एकूण ९,१००, म्हणजे वर्षाला नऊशेच्या आसपास. बिनवायरीचं १८,००० चं मशीन आणि दोनदा पाच हजारांची बॅटरी धरली तर २८,०००, वर्षाला अठ्ठावीसशे. सोय हवी म्हणून कुणी ते द्यायला तयार असेल तर त्यात काही गैर नाही. फक्त आकडा आधी माहीत असावा.

फिल्टर, ॲलर्जी आणि कबुतरं

हेपा फिल्टर म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. "हेपा टाइप", "हेपासारखा" असं लिहिलं असेल तर तो हेपा नव्हे. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर खरा हेपा घ्यावा, आणि त्याबरोबर पिशवीवालं मशीन घ्यावं. बिनपिशवीच्या मशीनचा डबा कचऱ्यात उपडा करताना धूळ पुन्हा नाकातोंडात जाते. पिशवी बांधून तशीच टाकता येते. पिशव्यांचा खर्च होतो, पण दमेकऱ्याच्या घरात तो वाचवू नये. फिल्टरच्या कडेची रबरी पट्टीही बघा. ती सैल असेल तर हेपा असूनही हवा बाजूने निसटते.

धुता येणारा फिल्टर असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. कंपनीच्या पुस्तिकेत बहुधा चोवीस तास लिहिलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात चोवीस तासांत तो वाळत नाही, ओलाच बसवला की कुबट वास येतो आणि बुरशी धरते. दुसरा फिल्टर मशीन घेतानाच घेऊन ठेवला तर ही अडचण येत नाही.

कबुतरांची वाळलेली विष्ठा घरगुती मशीनने कधीही ओढू नका. डक्टमध्ये, एसीच्या खाली, बाल्कनीच्या कोपऱ्यात ती साचलेली असते आणि मशीन हाताशी असतं, म्हणून मोह होतो. तिची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, आणि साधा फिल्टर ती अडवत नाही, मागच्या झरोक्यातून खोलीभर पसरवतो. तोंडावर चांगला मास्क, आधी पाण्याने पूर्ण भिजवायची, मग खरवडून काढायची. उदबत्तीची किंवा धूपाची राखही पूर्ण विझलेली असल्याची खात्री नसेल तर मशीनने काढू नये. एक निखारा पिशवी पेटवायला पुरतो.

दुकानात गेल्यावर

मशीन खोक्यातून बाहेर काढायला लावा, डिस्प्लेचं चालेल. फिल्टर स्वतःच्या हाताने काढून परत बसवा. तुम्हाला जमलं नाही तर घरीही जमणार नाही आणि मग तो कधीच साफ होणार नाही. डब्याची खिट्टी चार-पाचदा उघडझाप करा. वायर पूर्ण ओढून गुंडाळून बघा. मशीन चालू करून पाइपचं तोंड तळहाताने बंद करा आणि दुसरा हात सांध्यांवरून फिरवा, कुठून हवा आत जात असेल तर शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. पाइप दांड्याला जिथे जुळतो तिथे तो गोल फिरतो का ते बघा. फिरता सांधा असेल तर पीळ पडत नाही आणि पाइप जास्त टिकतो.

वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं वाचून घ्या. पाइप, फिल्टर आणि कार्बन बहुधा वॉरंटीच्या बाहेर असतात, आणि "मोटरवर पाच वर्षं" म्हणताना मजुरी धरली आहे का ते वेगळं विचारावं लागतं. वॉरंटीत असून दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी राइट टू रिपेअर पोर्टलही सुरू केलं आहे, तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. आपली कंपनी त्यावर आहे का, हे घेण्याआधी बघता येतं.

बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि मशीनच्या तळाच्या स्टिकरचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. पाइप मागायला गेलात की काउंटरवरचा पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच असतो.